ड्रायव्हरमधील टिपणे : एक परीक्षण

गांधीबागेतील घाऊक कापडबाजारात दिवाळीपूर्वीच्या गर्दीत एखाद्या पेढीवरचा बिले छापणारा प्रिंटर मध्येच थांबला, तर मुनीमजींपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो, दोष कोणाचा, हा. कागद संपला काय, फीत वाळली काय, तार निसटली काय, की संगणक एक बोलतो आहे आणि प्रिंटर दुसरेच समजतो आहे? तागे मोजून झालेले असतात, गाठोडी शिवून तयार असतात, हमाल दारात उभा असतो. आणि कार्बन घातलेला तीनपदरी कागद मात्र जागचा हलत नाही. अशा वेळी यंत्राच्या बाजूने साक्ष देणारा एकच साक्षीदार संगणकात असतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. ही साक्ष कोणत्या भाषेत दिली जाते, ती कितपत विश्वसनीय असते आणि तिच्याभोवती लिहिली गेलेली टिपणे व मार्गदर्शिका वाङ्मय म्हणून कोणत्या योग्यतेची आहेत, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

विषय वाङ्मयाच्या अभ्यासकाला अपरिचित वाटण्याचा संभव असल्यामुळे थोडा खुलासा अवश्य आहे. संगणकाच्या सर्व व्यवहारांचे नियमन करणारी जी मूलभूत आज्ञावली, तिच्या गाभ्याला कर्नेल अशी संज्ञा आहे. लिनुस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेले लिनक्स हे अशा कर्नेलांपैकी सर्वांत विख्यात होय, कारण त्याची मूळ संहिता कोणालाही वाचता येते. या संहितेचा निम्म्याहून अधिक भाग ड्रायव्हरांनी व्यापलेला आहे. प्रत्येक ड्रायव्हर एकेका यंत्राशी, अथवा यंत्रांच्या एकेका जातीशी, बोलण्याची रीत जाणतो. संहितेत यंत्रासाठी आज्ञा असतात आणि त्या आज्ञांच्या मधूनमधून माणसांसाठी टिपणे असतात. संगणक ही टिपणे वाचीत नाही. तो ती ओलांडून पुढे जातो. म्हणजे कोट्यवधी ओळींच्या या ग्रंथात केवळ मनुष्यवाचकाला उद्देशून लिहिलेले असे जे काही आहे, ते या टिपणांत आणि 'डॉक्युमेंटेशन' नावाच्या स्वतंत्र दालनात आहे. त्याकडे गद्य म्हणून पाहण्यास प्रत्यवाय नसावा.

टिपण कसे असावे याविषयी कर्नेलच्या लेखनसंकेतांत एक प्रसिद्ध नियम आहे. त्याचा आशय असा की, आज्ञा 'कशी' चालते हे टिपणात सांगू नये. ती 'काय' करते एवढेच सांगावे, आणि टिपणांचा अतिरेक टाळावा. नियम सुज्ञ आहे. शब्दशः टीका करणाऱ्या टीकाकाराचा कंटाळा प्रत्येक वाचकाला असतो. मूळ श्लोकात 'वृक्ष' असेल तर 'वृक्ष म्हणजे झाड' असे सांगून पान भरणारे टीकाग्रंथ आपल्याकडेही कमी नाहीत. तथापि ड्रायव्हरांच्या बाबतीत हा नियम अपुरा पडतो, असे दिसून येते. कारण ड्रायव्हर हा ज्या मूळ ग्रंथावरील टीका आहे, तो ग्रंथ, म्हणजे यंत्राच्या अंतरंगाची माहिती, पुष्कळदा वाचकासमोर नसतोच. निर्मात्याने ती माहिती दिलेली नसते, किंवा दिली असली तरी यंत्र तिच्याबरहुकूम वागत नाही. अशा वेळी 'काय' आणि 'कसे' यांहून निराळा असा तिसरा प्रश्न महत्त्वाचा ठरतो : हे कोणाच्या अनुभवावरून कळले, आणि कोठपर्यंत कळले? उत्तम टिपण या तिसऱ्या प्रश्नाला उत्तर देते. निकृष्ट टिपण त्याला बगल देते.

उदाहरणादाखल प्रिंटरचाच ड्रायव्हर घ्यावा. पॅरलल पोर्टावर चालणाऱ्या प्रिंटरांसाठी असलेला 'एलपी' हा लिनक्समधील अगदी आरंभीच्या ड्रायव्हरांपैकी एक. त्याच्या शिरोभागी १९९२ पासूनची नामावली आहे. प्रारंभीच्या कर्त्यांत खुद्द टोरवाल्ड्स आहेत, पुढे मायकेल के. जॉन्सन आहेत, १९९४ मध्ये अॅलन कॉक्स यांनी त्याला सुट्या भागाचे रूप दिले अशी नोंद आहे. कोणी मंद गतीच्या प्रिंटरांची सोय केली, कोणी चुकांची तपासणी नेमकी कोठे हवी ते दाखवून दिले, त्यांचेही स्मरण तेथे केलेले आहे. पोथीच्या आरंभी येणाऱ्या गुरुपरंपरेची आठवण व्हावी अशी ही रचना आहे. परंतु परंपरा सांगून झाल्यावर संहिता ज्या ठिकाणी खरोखर अवघड होते, तेथे ही परंपरा मौन धारण करते.

ते ठिकाण असे. प्रिंटरकडून संगणकाकडे स्थितिदर्शक संकेत येतात ते मोजकेच : कागद संपला, प्रिंटर निवडलेला आहे किंवा नाही, आणि काहीतरी दोष आहे, अशा स्वरूपाचे. ड्रायव्हर ते क्रमाने तपासतो. दोषाचा संकेत नसेल तर प्रश्नच मिटला. असेल, तर प्रथम कागद पाहिला जातो. कागद संपल्याचा संकेत असेल तर तसे कळविले जाते. कागद असेल, पण प्रिंटर निवडलेला नसेल, तर तो जोडणीबाहेर असल्याचे कळविले जाते. कागदही आहे, प्रिंटरही निवडलेला आहे, आणि तरीही दोषाचा संकेत येतोच आहे, अशा स्थितीत ड्रायव्हर जे कळवितो त्याचा मराठीत अर्थ होतो : 'प्रिंटर पेटला आहे.'

या ओळीची कीर्ती मोठी आहे. फार पूर्वी वेगवान लाइन प्रिंटरांत अडकलेला कागद घर्षणाने पेट घेई, आणि त्या भीतीतून हा वाक्प्रयोग निपजला, अशी हकीकत परंपरेने सांगतात. हकीकत खरी असो वा नसो, ओळीतील विनोद निर्विवाद आहे. पण परीक्षकाने विनोदावर थांबून चालणार नाही. या ओळीचा खरा अर्थ 'दोष आहे, परंतु तो कोणता हे कळण्याचे साधन नाही' असा आहे. म्हणजे ही अज्ञानाची कबुली आहे. आणि ती कबुली विनोदाच्या वेषात आल्यामुळे कबुली म्हणून ओळखू येत नाही. शेजारी खुलासा करणारे टिपणही नाही. ज्याला ही परंपरा मौखिक रूपाने पोचली आहे तो हसतो आणि तार तपासतो. ज्याला ती पोचलेली नाही, त्याच्या हाती एक चुकीचे विधान उरते. गांधीबागेतल्या पेढीवर, जेथे चोहीकडे कापडाचे ढीग रचलेले आहेत, तेथे हे विधान अक्षरशः घेतले गेले तर काय होईल, याची कल्पना वाचकाने करावी.

याच्या उलट रीत यूएसबी प्रिंटरांच्या 'यूएसबीएलपी' या ड्रायव्हरमध्ये आढळते. तेथे विनोद नाही, आणि शैली म्हणावी असेही फारसे काही नाही. तेथे एक तक्ता आहे. जे प्रिंटर नियमाप्रमाणे वागत नाहीत, त्यांचे निर्माता-क्रमांक व वस्तु-क्रमांक त्यात मांडले असून प्रत्येकापुढे त्याच्या विक्षिप्तपणाची जात आणि टिपणात त्याचे नाव दिलेले आहे. काही प्रिंटर दोन्ही दिशांनी संभाषण करता येते असे स्वतःविषयी सांगतात. प्रत्यक्षात त्यांच्याशी एकाच दिशेने बोलावे लागते, त्यांचे उत्तर वाचू जाता घोटाळा होतो. एच.पी.चे काही डेस्कजेट या वर्गात नोंदलेले आहेत. एप्सनचा पावत्या छापणारा एक प्रिंटर आपण प्रिंटर आहोत हेच प्रमाण रीतीने सांगत नाही, म्हणून त्याची निराळी नोंद करावी लागली आहे. काहींना आरंभी निर्मात्याने ठरविलेला विशिष्ट संदेश दिल्याखेरीज ते जागे होत नाहीत.

या तक्त्याचे वाङ्मयीन मूल्य त्याच्या प्रांजलपणात आहे. यंत्र स्वतःविषयी काय म्हणते आणि अनुभव काय सांगतो, या दोन साक्षी येथे वेगळ्या ठेवलेल्या आहेत. यंत्राचे म्हणणे खोडून टाकलेले नाही; त्याच्या शेजारी दुसरी साक्ष लिहिलेली आहे. विदर्भातील अभ्यासकाला ही पद्धत परकी वाटू नये. म्हाइंभटांनी सिद्ध केलेले 'लीळाचरित्र' मूळ पोथी गेल्यानंतर आठवणींवरून पुन्हा उभे करावे लागले; आणि एकाच लीळेविषयी निरनिराळ्या महंतांच्या आठवणी जेथे जुळेनात, तेथे त्यांपैकी एक निवडून बाकीच्या टाकून न देता त्या त्या नावाने 'वासना' म्हणून त्या नोंदल्या गेल्या. डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादिलेली व १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेली प्रत चाळताना या नोंदी पावलोपावली भेटतात. मूळ हाती नसताना संहिता कशी राखावी, याचे उत्तर ज्यांनी सातशे वर्षांपूर्वी दिले, त्यांच्या उत्तरात आणि प्रिंटरांच्या या रूक्ष तक्त्यात तत्त्वतः भेद नाही. भेद आहे तो एवढाच की, महानुभावांच्या नोंदीत साक्षीदाराचे नाव ओळीतच असते. ड्रायव्हरच्या तक्त्यात यंत्राचे नाव असते, पण ते कोणी, कोणत्या परिस्थितीत पाहिले, हे तेथे सहसा नसते.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, साक्षीदाराचे नाव व कारण ही संहितेत नसली तरी संहितेच्या इतिहासात असतात. प्रत्येक बदलाबरोबर तो का केला याचे निवेदन लिहिण्याची कर्नेलमध्ये शिस्त आहे, आणि 'गिट' या साधनामुळे कोणत्याही ओळीवरून तिच्या निवेदनापर्यंत जाता येते. आक्षेप बिनतोड नसला तरी वजनदार आहे. या निवेदनांपैकी कित्येक उत्कृष्ट गद्याचे नमुने आहेत : रोग, त्याचे लक्षण, निदान आणि उपाय असा त्यांचा क्रम असतो आणि फाफटपसारा नसतो. परंतु गिट निर्माण झाले ते २००५ साली, आणि मुख्य भांडाराचा इतिहास तेथूनच सुरू होतो. 'पेटलेला' प्रिंटर त्याहून जुना आहे. शिवाय जो ज्ञानाचा भाग वाचण्यासाठी वाचकाला ग्रंथ मिटून दप्तरखान्यात जावे लागते, तो ग्रंथात आहे असे म्हणणे हे औदार्याचे ठरेल.

आता स्वतंत्र मार्गदर्शिकांकडे वळावे. प्रारंभीच्या काळात हे दालन म्हणजे सुट्या मजकुरांची अडगळ होती. २०१६ पासून तिला एकसूत्री मांडणी देण्याचे काम सुरू झाले, आणि जोनाथन कॉर्बेट यांच्या देखरेखीखाली ती आज पुस्तकांच्या रूपात वाचता येते. संहितेतील ठराविक पद्धतीची टिपणे आपोआप उचलून या पुस्तकांत घालण्याची योजनाही आहे. योजनेचा हेतू स्तुत्य. फळ मात्र संमिश्र. रकाना आहे म्हणून तो भरावयाचा, अशा वृत्तीने लिहिलेली टिपणे तिच्यामुळे वाढली. 'डिव्हाइस' नावाच्या घटकापुढे 'हे डिव्हाइस' एवढेच लिहिलेले असते. वर उल्लेखिलेल्या 'वृक्ष म्हणजे झाड' या टीकेचा हा अवतार होय. त्या मानाने पॅरलल पोर्टविषयीची जुनी मार्गदर्शिका पुष्कळ सरस आहे. छपाई बिघडली असता दोष कोठे आहे ते पायरीपायरीने कसे शोधावे आणि कळविताना कोणती माहिती द्यावी, हे ती सांगते. तिच्यासमोर एक अडलेला माणूस आहे, हे तिच्या प्रत्येक ओळीवरून जाणवते.

अडलेल्या माणसाचा उल्लेख येथे सहज आलेला नाही. मुक्त संहितेच्या चळवळीचा उगमच प्रिंटरपाशी सांगतात. १९८० च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा नवा लेसर प्रिंटर आला. जुन्या प्रिंटरची संहिता हाती असल्यामुळे, कागद अडकताच वाट पाहणाऱ्यांना तसे कळविण्याची सोय तेथील मंडळींनी करून घेतली होती. नव्याची संहिता मिळेना. रिचर्ड स्टॉलमन यांनी ती दुसऱ्या विद्यापीठातील एका संशोधकाकडे मागितली, तेव्हा ती कोणालाही न देण्याचे वचन आपण दिले आहे, असे उत्तर मिळाले. १९८३ मध्ये त्यांनी घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पामागे ही घटना होती, असे ते सांगत आले आहेत.

हे सर्व असले तरी मराठी वाचकाच्या दृष्टीने या वाङ्मयातील सर्वांत बोलके प्रकरण प्रिंटरविषयी नसून पडद्याविषयी आहे. कर्नेलच्या कन्सोलवर, म्हणजे चित्रमय मांडणी सुरू होण्यापूर्वीच्या साध्या अक्षरपडद्यावर, युनिकोड कसे चालते हे सांगणारी एक छोटी मार्गदर्शिका आहे. लेखन नेटके आहे. कोणत्या क्रमांकावर कोणते चिन्ह बसविले आहे हे ती सांगते, आणि पुढे क्लिंगॉन या भाषेच्या लिपीची तजवीज विस्ताराने मांडते. क्लिंगॉन ही 'स्टार ट्रेक' या काल्पनिक कथामालेसाठी मार्क ओक्रँड यांनी रचलेली भाषा. तिची २६ अक्षरे, १० अंक, लेखनाची दिशा, वळणांतील भेद हे फाँटचे भेद मानावेत की लिपीचे, याचा तेथे ऊहापोह आहे. आणि १९९६ मध्ये या भाषेची सोय करणारी लिनक्स ही जगातील पहिलीच कार्यप्रणाली ठरल्याचा अभिमानही आहे. देवनागरीचा मात्र तेथे उल्लेख नाही.

यावरून संतापणे सोपे आहे, आणि तसा संताप चुकीच्या जागी पडेल. क्लिंगॉनला जागा मिळाली ती तिच्या कर्त्यांच्या लाडाने जितकी, तितकीच तिच्या लिपीच्या घडणीमुळे. कन्सोलचा पडदा समान चौकटींत विभागलेला असतो, एका चौकटीत एक आकृती बसते, आणि एका फाँटमध्ये फार तर ५१२ आकृत्या मावतात. सुटी, न जुळणारी २६ अक्षरे या चौकटीत सहज बसतात. देवनागरी बसत नाही. 'गांधीबाग' हा शब्द उच्चारता चार अक्षरांचा. युनिकोडमध्ये त्याचे आठ क्रमांक होतात. काना, अनुस्वार, वेलांटी ही शेजारच्या चौकटीत सरकवून चालत नाहीत. 'कि' लिहिताना वेलांटी उच्चारात नंतर आणि डोळ्यांना आधी. 'सूर्य' लिहिताना रफार पुढच्या अक्षराच्या माथ्यावर चढतो. 'क्ष' मध्ये दोहोंपैकी एकाचेही रूप शिल्लक राहत नाही. क्रमांकावरून आकृतीकडे जाताना मध्ये एक संपूर्ण व्याकरण लागते, आणि ते या कन्सोलपाशी नाही.

म्हणून दोष देवनागरी न दाखविण्याचा नाही. कर्नेलच्या अंतरंगात एवढे व्याकरण भरू नये, ते वरच्या थरावर सोडावे, हा निर्णय समर्थनीय आहे. दोष आहे तो मार्गदर्शिकेने आपली सीमा न सांगण्याचा. 'ज्या लिपीत एक क्रमांक म्हणजे एक आकृती नाही, तिच्यासाठी हा मार्ग नाही' एवढे एक वाक्य तेथे असते, तर नागपूरच्या एखाद्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला आपल्या चुकीचा शोध घेण्यात आठवडा घालवावा लागला नसता. मौनामुळे वाचकाला दोष स्वतःचा वाटतो. प्रिंटरच्या 'पेटण्या'त जी उणीव होती तीच येथे गंभीर मुद्रेने आलेली आहे.

मर्यादा ओळखून तिच्याभोवती वाट काढल्याची उदाहरणे आपल्याकडेच आहेत. कानपूरच्या आय.आय.टी.त आरंभ होऊन पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढविलेल्या 'जिस्ट' तंत्राने, संगणकात बसविण्याच्या एका कार्डाद्वारे, जुन्या डॉसच्या अक्षरपडद्यावर भारतीय लिप्या आणल्या. जोडाक्षरांचे व्याकरण कार्डाने सांभाळावे आणि वरच्या आज्ञावलीला त्याचा पत्ताही लागू नये, ही त्याची युक्ती. भारतीय लिप्यांच्या संकेतनाचे 'इस्की' हे मानक १९९१ साली ठरले. बिले छापणाऱ्या टाचण्यांच्या प्रिंटरची कथाही याच वळणाची आहे : त्याच्या पोटातील अक्षरसंच रोमन, त्यामुळे मराठी बिल त्याच्याकडे अक्षरे म्हणून जात नाही, ठिपक्यांचे चित्र म्हणून जाते, आणि म्हणूनच ते सावकाश छापले जाते. घाईच्या वेळी व्यापारी रोमन आकडे आणि इंग्रजी नावे का पसंत करतो याची अनेक कारणे असतील. त्यांतील एक या टाचण्यांत आहे.

राहता राहिला भाषांतराचा प्रश्न. कर्नेलच्या मार्गदर्शिकांची भाषांतरे चिनी, जपानी, कोरियन, इटालियन, स्पॅनिश इत्यादी भाषांत त्याच भांडारात ठेवलेली आहेत. त्यांत मराठी नाही. ती असावी असे वाटणे स्वाभाविक आहे. पण भाषांतरांच्या आरंभी इंग्रजी मूळच प्रमाण मानावे अशा अर्थाची सूचना असते, आणि मूळ इतक्या वेगाने बदलते की भाषांतर पुष्कळदा मागे पडते. मुळात जे मौन आहे ते भाषांतरातही मौनच राहणार. युनिकोडच्या त्या मार्गदर्शिकेचे निर्दोष मराठी भाषांतर झाले, तर मराठी वाचकाला क्लिंगॉनची अक्षरे मराठीत वाचावयास मिळतील आणि स्वतःच्या लिपीविषयी काहीच कळणार नाही. मराठी अभ्यासकाकडून येथे अपेक्षा आहे ती भाष्यकाराची : मूळ संहितेतच, तिच्या भाषेत, देवनागरीची साक्ष नोंदविण्याची. हे काम भाषाशास्त्राचे आहे तितकेच संगणकशास्त्राचे आहे, आणि विद्यापीठातील दोन विभागांच्या मधल्या भिंतीमुळे ते दोन्हीकडून राहून गेले आहे.

असे करण्यास कोणाची परवानगी लागत नाही. दुरुस्ती पाठविणाऱ्याने ती आपल्या नावाने, कारणासह पाठवावी आणि तिची जबाबदारी घेत असल्याचे खाली लिहावे, एवढीच कर्नेलची अट आहे. युनिकोडच्या मार्गदर्शिकेत हवे असलेले वाक्य एक ओळीचे आहे. यूएसबी प्रिंटरांच्या तक्त्यात घालावयाची नोंदही एक ओळीचीच असते : निर्माता-क्रमांक, वस्तु-क्रमांक, विक्षिप्तपणाची जात, आणि यंत्राचे नाव. पहिले दोन क्रमांक, गांधीबागेतील कोणत्याही पेढीवरचा प्रिंटर लिनक्सच्या संगणकाला जोडला असता, एका आज्ञेने वाचता येतात. तिसरी बाब त्या प्रिंटरजवळ काही दिवस बसल्याखेरीज कळत नाही.